टचपॅड वर आलाय? आधी चार्जर काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी घरून दोन-तीन संस्थांचे हिशेब लिहिते. लॅपटॉप माझा स्वतःचा, पाच वर्षांचा, विंडोज १० वर चालणारा. चार्जर काढला की पाऊण तासात बंद पडतो. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घेतो, पंखा सतत ओरडत असतो आणि मधेच सगळं रखडतं. गेल्या महिन्यापासून टचपॅडचं क्लिक नीट होत नाही, तो जरा वर आल्यासारखा वाटतो. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवला तर म्हणाले, मदरबोर्ड जायला लागलाय, याच्यावर खर्च करू नका, नवाच घ्या. दुकानदार बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देतोय आणि वर वाढीव वॉरंटी घ्याच म्हणतोय. एकदम एवढे पैसे काढणं मला जड आहे. दुरुस्त करू की नवा घेऊ?"

उत्तर:

तुम्ही विचारलंय पैशांचं, पण पत्रातलं एक वाक्य त्याच्या आधी हाताळावं लागेल. टचपॅड वर आलाय, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. बहुतेक लॅपटॉपमध्ये मनगट टेकतो त्या पट्टीच्या आणि टचपॅडच्या खालीच बॅटरी बसवलेली असते. ती फुगली की दाब आधी टचपॅडवर येतो, कारण तिच्या डोक्यावर तोच सगळ्यात लेचापेचा भाग. तेव्हा लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपवर ठेवू नका, आणि चार्जर काढा. मग तो मिटून सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्याला हलकेच बोट लावा. डुगडुगला, किंवा खालचं झाकण आणि वरची चौकट यांच्यातली फट एका बाजूला रुंद दिसली, तर बॅटरी फुगलीय असंच धरून चाला. अजून खात्री हवी असेल तर लॅपटॉप उघडून एक पट्टी कडेवर उभी धरा आणि टचपॅडवर आडवी टेकवा. मधे टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला, तर फुगवटा आलाय. दाबून मात्र बघू नका.

या बॅटरीतले सेल ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या चपट्या पिशव्यांत बंद केलेले असतात. आतलं द्रावण वयामुळे, उष्णतेमुळे आणि कायम शंभर टक्के चार्ज राहिल्यामुळे हळूहळू विघटित होतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू निघतात. त्यांना बाहेर जायला वाट नाही, म्हणून पिशवी फुगते. दिवसभर चार्जर लावून तापलेल्या लॅपटॉपवर काम केलं की ही वेळ लवकर येते, आणि घरून काम करणारे बहुतेक जण नेमकं तेच करतात. फुगलेली बॅटरी उद्याच पेटेल असं नाही. काही तशाच महिनोन्महिने राहतात. पण पिशवीला टोक लागलं किंवा ती वाकून आतले थर एकमेकांना टेकले, तर शॉर्ट होऊन ती पेटते, आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते. टाचणीने भोक पाडून हवा काढा, फ्रीजरमध्ये ठेवा, असले सल्ले व्हिडिओंतून फिरतात, त्यांच्याकडे कानाडोळा करा. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर लॅपटॉप गादी, पडदे, कागद यांपासून लांब, शक्यतो उघड्यावर, फरशीवर ठेवा. धूरच निघाला तर आधी माणसं बाहेर. लहान आग असेल तर भरपूर पाणी ओतलेलं चालतं, कारण सेल थंड करणं हेच तिथलं काम असतं. चार्जर मात्र आधी भिंतीतून काढलेला हवा.

या अवस्थेत लॅपटॉप कुरिअरने पाठवू नका. खराब किंवा फुगलेल्या लिथियम बॅटरीला विमानातून न्यायला बंदी आहे, आणि कुरिअरवाल्याला न सांगता पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. स्वतः घेऊन जा, दुरुस्तीवाल्याला दारातच सांगा की बॅटरी फुगलीय, आणि ती तुमच्यासमोर सोडवून घ्या. स्वतः करायचं धाडस असेल तरी एक अट: बॅटरी फक्त स्क्रूंनी बसवलेली असली पाहिजे. डिंकाने चिकटवलेली असेल तर हात लावू नका, कारण ती उचकटतानाच वाकते. झाकणाचे दहाएक स्क्रू काढताना ते कागदावर त्याच मांडणीत टोचून ठेवा. मागच्या बाजूचे बहुधा लांब असतात, पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या पट्टीतून बाहेर डोकावतो नाहीतर बोर्डाला भिडतो. काही मॉडेल्सना रबरी पायांखाली लपलेले स्क्रू असतात. झाकण निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी तिथे पाहा. झाकण प्लॅस्टिकच्या कार्डाने सोडवा, धातूची पट्टी किंवा सुरी आत घालू नका.

बॅटरी निघाल्यावर बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. काही मॉडेल्स अशा वेळी वेग मुद्दाम कमी ठेवतात, आणि चार्जर हलला की लॅपटॉप तिथल्या तिथे बंद, म्हणून हे रोजच्या कामासाठी नाही. एवढ्यात बॅकअप उरकून घ्या. तुमच्याकडे दुसऱ्यांचे हिशेब आहेत, त्यामुळे तीन प्रती हव्यात: मूळ एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बॅकअप झाला असं मानण्याआधी त्या प्रतीतल्या दोन-चार फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झालेली फाइल उघडते असं नाही, आणि ते दुरुस्तीनंतर कळलं तर उपयोग नाही.

याच वेळी आणखी एक काम, जे दुरुस्तीवाले सहसा सांगत नाहीत. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ते सेटिंग्जमध्ये दिसतं. बोर्ड बदलला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही फिरवलं, किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर आतला डेटा कुणालाच काढता येत नाही, कंपनीलाही नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात फोनवरून लॉगिन केलं की ही की सहसा सापडते. कागदावर उतरवून ठेवा.

आता तब्येतीकडे वळू. "जुना झालाय" हे निदान नाही. पाऊण तासात बंद पडणं, सहा मिनिटं सुरू होणं, पंखा ओरडणं आणि मधेच रखडणं ही चार वेगवेगळी दुखणी असू शकतात आणि चारही स्वतंत्रपणे तपासता येतात. पहिल्याचं उत्तर फुगलेल्या बॅटरीत मिळालंच.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका. जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर जुळवा, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगळ्या बॅटऱ्या निघतात आणि कनेक्टर एखाद्या मिलिमीटरने चुकतो. तिच्यावर व्होल्ट, अँपिअर-अवर आणि वॅट-अवर असे तीन आकडे असतात. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याइतका यायला हवा: ११.४ व्होल्ट आणि ४.४ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे ५० वॅट-अवर. त्याच आकाराची बॅटरी कुणी दुप्पट क्षमतेची म्हणून विकत असेल तर ती घेऊ नका, तेवढ्या जागेत तेवढी ऊर्जा बसत नाही. उत्पादनाची तारीखही बघा. गोदामात चार वर्षं पडलेली "नवीन" बॅटरी तितकीच म्हातारी झालेली असते.

बसवल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला लागून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे साठवली ते तिथेच दिसतं. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. नव्या बॅटरीत ते जवळजवळ सारखे हवेत आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा) दिसत असेल तर तो शून्य किंवा एक अंकी. ५०,००० च्या जागी ३६,००० दिसले तर बॅटरी वापरलेली आहे, लगेच परत करा. पुढे टेबलावरच काम करायचं असेल तर लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू ठेवा. पुन्हा फुगण्यावर घरगुती इलाज तेवढाच आहे आणि फुकट आहे.

जाता जाता लॅपटॉप कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून बॅटरीचं रिकॉल निघालंय का तेही पाहा. २०१८-१९ मध्ये एचपीने आणि २०१९ मध्ये ॲपलने काही मॉडेल्सच्या बॅटऱ्या परत मागवून फुकट बदलून दिल्या होत्या. वॉरंटी संपली म्हणून रिकॉल संपत नाही.

सहा-सात मिनिटं सुरू व्हायला लागतात, याचा अर्थ आत बहुधा फिरती हार्ड डिस्क आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. एचडीडी लिहिलेलं असेल, ॲक्टिव्ह टाइम शंभर टक्के आणि वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम दोन-चार एमबी, तर प्रोसेसर बिचारा हात बांधून वाट बघतोय. फिरत्या डिस्कमध्ये वाचायचं टोक दर वेळी जागा बदलतं, त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइल ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारं काहीच नसतं. तीच वाचनं ती हजारोंनी करते. विंडोज सुरू होणं म्हणजे अशाच छोट्या फाइलींचा मारा. अशा लॅपटॉपमध्ये एसएसडी घातली की सुरू होण्याचा वेळ साधारण अर्ध्या मिनिटावर येतो. खर्चाच्या मानाने इतका फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती नाही, हे ठामपणे लिहितो.

एसएसडी घेण्याआधी लॅपटॉपचं मॅन्युअल उघडा. जागा अडीच इंची डिस्कची आहे की एम.२ म्हणजे पातळ पट्टीची? एम.२ असेल तर लांबी बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. ती साटा चालवते की एनव्हीएमई (डिस्क जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) हेही तिथेच लिहिलेलं असतं. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, पण चुकीची लावली तर लॅपटॉपला ती दिसतच नाही, आणि लोक म्हणतात बोर्ड गेलंय. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिची प्रकृती बघा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या खराब किंवा संशयित तुकड्यांचा, आकडा शून्याहून जास्त असेल, आणि रोज वाढत असेल, तर नक्कल अर्ध्यावर अडकेल. अशा वेळी फाइल काढून घ्या आणि नव्या एसएसडीवर विंडोज नव्यानेच टाका.

पंखा आणि रखडणं. पाच वर्षांत पंख्यापुढच्या जाळीत धुळीचा गालिचा बसतो आणि प्रोसेसरवरची पेस्ट सुकते. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग पाडतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघत बसा. पंखा चढतो, वेग २.४ गिगाहर्ट्झवरून दीडवर येतो, थोडा वेळ सावरतो, पुन्हा पडतो: हे तापणं आहे. सफाई आणि नवी पेस्ट हा त्यावर उपाय. हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते प्रमाणाबाहेर गरगरतं आणि बेअरिंग जातं.

पण वेग सुरू केल्यापासूनच ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झला खिळलेला असेल, लॅपटॉप थंड असतानाही, तर गोष्ट वेगळी. कित्येक कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. त्या पिनेवरून लॅपटॉप ओळखतो की चार्जर आपलाच आणि पुरेशा वॅटचा आहे. पिन वाकली, वायर आतून तुटली किंवा बाजारी चार्जर लावला तर ओळख पटत नाही. मग लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर सगळ्यात खालच्या वेगाला बांधून ठेवतो. सुरू होताना चार्जर ओळखता आला नाही असा संदेश क्षणभर येऊन जातो, तो कुणी वाचत नाही. बॅटरी मेलेली असली तरी काही मॉडेल्स असंच करतात. "मदरबोर्ड जायला लागलाय" या निदानामागे पुष्कळदा एवढंच असतं. त्याच मॉडेलचा चांगला चार्जर कुणाकडून तासभर मागून घ्या आणि वेग पुन्हा बघा.

रॅमचं थोडक्यात: नेहमीचे प्रोग्रॅम उघडे असताना मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तरच वाढवा. टास्क मॅनेजर किती स्लॉट वापरात आहेत ते बहुधा सांगतो. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल आणि मोकळा स्लॉट नसेल, तर विषय संपला. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. दुसऱ्यांचे आर्थिक कागद हाताळणाऱ्याने अशा मशीनवर काम चालू ठेवू नये. तुमचा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, म्हणजे प्रोसेसर बहुतेक चालून जाईल. विंडोज ११ ला साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे लागतात. टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) नाही असा नकार आला तर घाबरू नका. ते बहुधा बायोसमध्ये नुसतं बंद असतं, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम नावाने. चालू करण्याआधी वर सांगितलेली ४८ आकडी की हातात असू द्या. प्रोसेसरच यादीत बसत नसेल, तर दुरुस्तीची बाजू बरीच कमकुवत होते.

आता सर्व्हिस सेंटर. "जायला लागलाय" हा अंदाज झाला. खरोखर बिघडलेला बोर्ड सहसा काहीतरी दाखवतो: लॅपटॉप सुरूच होत नाही, थंड असतानाही अचानक बंद पडतो, एखादा पोर्ट कायमचा मेलेला असतो, स्क्रीनवर रेघा येतात, पाणी सांडल्याचे हिरवे-पांढरे डाग असतात. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. शिवाय बॅटरीमुळे टचपॅड वर आलाय हे ज्यांना दिसलं नाही, किंवा दिसूनही जे बोलले नाहीत, त्यांच्या बाकीच्या निदानावर मी फार विसंबणार नाही. त्यांच्याकडून लेखी मागा: कोणती चाचणी केली, कोणता भाग खराब निघाला, भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी किती, दुरुस्तीवर किती दिवसांची हमी. काढलेला जुना भाग परत हवा हेही जॉब शीटवर लिहून घ्या. पूर्ण बोर्ड बदलणं हा एकच मार्ग नसतो. चिप पातळीवर काम करणारा दुरुस्तीवाला चार्जिंगचा सॉकेट किंवा एखादा जळालेला भाग तेवढाच बदलतो, आणि खर्चात मोठा फरक पडतो. स्वतःचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. तपासणीसाठी एक वेगळं, रिकामं खातं उघडून द्या.

मग हिशेब, जो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमेल. "दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर करा" हा नियम सगळे सांगतात, पण त्यात आयुष्य मोजलेलंच नाही. दर महिन्याचा खर्च काढा. नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरा आणि तो ६० महिने चालेल असं माना: महिन्याला सुमारे १.६७. बॅटरी, एसएसडी आणि सफाई मिळून समजा २२ लागले आणि त्यावर आणखी २४ महिने निघाले: महिन्याला ०.९२. दुरुस्ती जिंकली. तेच बोर्ड बदलायला ४५ लागत असतील आणि मशीन २० महिनेच टिकेल असं वाटत असेल, तर महिन्याला २.२५. तिथे नवाच घ्यावा. तुमच्याकडचे खरे आकडे घाला, आणि दुरुस्तीच्या बाजूला जितके दिवस मशीन हातात नसेल त्या दिवसांची बुडालेली कमाईही मिळवा. स्वतःच्या लॅपटॉपवर काम करणारे हा खर्च नेहमी विसरतात. काम देणाऱ्या संस्थांकडे यंत्राच्या खर्चाचा वाटा मागायला हरकत नाही. पुढच्या वर्षाच्या करारातच एक ओळ घालून घ्या.

माझा कल सांगतो. बॅटरी आजच बाहेर, मग नवी बॅटरी आणि सफाई, मग वेग आणि डिस्क पुन्हा मोजा. रखडणं बॅटरी किंवा चार्जरमुळे असेल तर ते तिथेच थांबेल. डिस्क फिरती निघाली तर एसएसडी. वाईटात वाईट, बोर्ड खरंच गेलेलं निघालं, तरी एसएसडी बाहेरच्या केसमध्ये घालून वापरता येते. बुडतो तो बॅटरीचा आणि सफाईचा पैसा. म्हणून बॅटरी मागवण्याआधी, जुनी काढलेली असताना, चांगल्या चार्जरवर लॅपटॉप तासभर चालवून बघा. तेवढ्यात अचानक बंद पडला नाही, तर पुढचा खर्च करायला हरकत नाही.

नवाच घ्यायचं ठरलं तर "बिनव्याजी" हप्त्यांकडे नीट बघा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आत्ता रोख दिले तर किती? समजा किंमत १०० आणि रोखीने ९२. म्हणजे तुम्हाला मिळालेलं कर्ज ९२ चं आहे आणि तुम्ही बारा महिने दरमहा ८.३३ भरताय. वरवर बघता आठाचाच फरक. पण ९२ वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला घटत जातात, सरासरी निम्म्याच्या आसपासच वापरायला मिळतात. त्यामुळे खरा वार्षिक दर सुमारे पावणेसोळा टक्के निघतो. वर सुरुवातीला २ प्रोसेसिंग फी घेतली तर तोच जवळजवळ वीस टक्क्यांवर जातो. स्प्रेडशीटमध्ये रेट नावाचं सूत्र आहे: हप्त्यांची संख्या, हप्ता उणे चिन्हासह, आणि हातात पडलेली रक्कम द्या, आलेल्या आकड्याला १२ ने गुणा. आता तो दर बँकेच्या साध्या वैयक्तिक कर्जाशी ताडून पाहा. रोखीची आणि हप्त्याची किंमत खरोखर एकच असेल आणि फी नसेल, तर हप्ते खुशाल घ्या. फक्त एक हप्ता चुकला तर काय आकारतात ती ओळ वाचूनच सही करा.

वाढीव वॉरंटीचंही असंच. तिचा हप्ता किमतीच्या १२ टक्के असेल आणि नेहमीची मोठी दुरुस्ती ४० टक्क्यांना पडत असेल, तर त्या वाढीव काळात मशीन बिघडण्याची शक्यता शंभरात तीस, म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त असेल तरच ती परवडते. तीन घरांत एक लॅपटॉप इतक्या लवकर बिघडतो असं तुम्हाला वाटतं का, ते तुम्ही ठरवा. शिवाय कागदावर बघा: बॅटरी बहुतेकदा वगळलेली असते, सांडलेलं पाणी आणि तुटलेली बिजागरी वगळलेली असते, आणि मुदत कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होते. पाणी आणि पडझड धरणारं संरक्षण वेगळं मिळत असेल तर त्याला थोडा तरी अर्थ आहे. दुकानात उभ्या उभ्या "आत्ताच घ्यावी लागेल" म्हणाले तर नको म्हणा.

नव्यात काय बघायचं ते एका दमात: १६ जीबी रॅम, शक्य तर एक स्लॉट मोकळा, एसएसडी बदलता येण्याजोगी, यूएसबी-सी वरून चार्ज होणारा, म्हणजे चार्जर एकाच कंपनीला बांधलेला राहत नाही, आणि कंपनीने सर्व्हिस मॅन्युअल उघडपणे दिलेलं असावं. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, घेत असाल तर ऑफिसांसाठीच्या मालिकांमधला घ्या, पैसे देण्याआधी बॅटरीरिपोर्ट काढायला लावा आणि बायोसला पासवर्ड नाही ना ते स्वतः आत जाऊन बघा.

जुना लॅपटॉप एक्सचेंजमध्ये द्यायचा असेल तर डिस्क आधी काढून घ्या. डिस्कशिवाय किंमत थोडी कमी येते, पण फाइल डिलीट केल्याने किंवा साध्या फॉरमॅटने डेटा जात नाही, आणि तो डेटा तुमच्या एकटीचा नाही. डिस्क द्यायचीच असेल तर विंडोज रीसेट करताना सगळं काढून टाका आणि ड्राइव्ह साफ करा हे दोन्ही पर्याय निवडा. फिरत्या डिस्कवर त्याला काही तास लागतात. फुगलेली बॅटरी एक्सचेंजमध्ये ढकलू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट न लावता ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे, फुगलेली आहे असं आधी कळवून, हातोहात द्या.